ठासताना बोलायचं नाही

अभिराम: ...आणि तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा, आबा. बंदूक ठासणाऱ्या माणसाशी कोणी बोलायचं नाही. आणि ठासणाऱ्यानेही कोणाशी बोलायचं नाही.

बाळासाहेब: कोणाशीच?

अभिराम: कोणाशीच.

बाळासाहेब: हात्तिच्या! जावईबापू, मला नेमबाजीला आणलंत की मौनव्रताला? सात हजार किलोमीटर विमानात बसून आलो मी, ते काय गप्प बसायला?

आर्या: विमानात पण तू गप्प नव्हतास, आबा. आजी म्हणाली, शेजारच्या डच बाईला तू अख्ख्या कुकडी कालव्याची गोष्ट सांगितलीस.

बाळासाहेब: तिने विचारलं, मी सांगितलं. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात घालवली, मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

आर्या: तिने फक्त सीट बदलू का विचारलं होतं.

अभिराम: आर्या, पुरे. आबा, चेष्टा नाही हं. ही जुन्या धाटणीची बंदूक आहे. तोंडातून भरायची, एका वेळी एक गोळी. आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, मग गजाने ठासायचं, शेवटी मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची. बोलण्याच्या नादात माणूस पायरी चुकतो. दोनदा दारू गेली तर नळी फुटू शकते. नाहीतर घालायचीच राहते.

बाळासाहेब: हो. राहते खरी.

अभिराम: काय?

बाळासाहेब: काही नाही. नियम चांगला आहे म्हटलं. तुमच्या सासूबाईंनीही निघताना तेच बजावलं. डबा हातात दिला आणि म्हणाली, आधी दारू, मग गप्पा.

आर्या: आबा! इथे ड्रिंक करून शूट करता येत नाही. हेंक घरी पाठवेल आपल्याला.

बाळासाहेब: अगं, बंदुकीची दारू! काळी भुकटी असते ती.

अभिराम: पण आईंना कसं माहीत, आधी काय घालतात ते? मला दोन महिने लागले शिकायला.

बाळासाहेब: शेतकऱ्याच्या घरची बाई आहे, माहीत असतं. तो मिशीवाला कोण? मघापासून माझ्या चपलांकडे बघतोय.

अभिराम: तोच हेंक. क्लबचा रेंजमास्टर. चाळीस वर्षं पोस्टमन होता, आता शनिवार-रविवार इथे असतो. त्याच्या परवानगीशिवाय या रेंजवर कोणी शिंकतसुद्धा नाही.

आर्या: तो विचारतोय, सॅन्डल का घातल्यात? बाहेर नऊ डिग्री आहे.

बाळासाहेब: त्याला सांग, आमच्याकडे काळवीट मारायला बूट घालून जात नाहीत. पाऊल वाजतं.

आर्या: सांगितलं. हसला. आबा, तो कधीच हसत नाही! बाबांना विचार.

अभिराम: तीन वर्षांत माझ्यासमोर एकदाही नाही.

बाळासाहेब: तुम्ही नियम पाळता ना, म्हणून. आता मला सांगा, मारायचं कुठे? ते पांढरं गोल गोल काय लावलंय तिकडे? गोलावर मारायला मी काय सर्कशीत आहे?

आर्या: थांब. सरप्राइज आहे. डोळे मीट. मीट ना! आता उघड.

बाळासाहेब: जरा जवळ धर बघू.

आर्या: आबा? आवडलं नाही?

बाळासाहेब: अगं पोरी. अगं, हे कुठून आणलंस तू?

आर्या: मी काढलं. तीन रात्री बसून. तू सांगितलं होतंस तसंच. पाठ काळी, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं गोल.

बाळासाहेब: शिंगांचे पीळ किती काढलेस?

आर्या: चार.

बाळासाहेब: चारच होते! अगदी हेच ते. असंच मान वर करून बघितलं होतं लेकाने. फक्त हे जरा लहान वाटतंय.

अभिराम: ते मुद्दाम. तुमचं काळवीट होतं दोनशे पावलांवर, म्हणजे साधारण दीडशे मीटर. आमची रेंज शंभर मीटरचीच. म्हणून आर्याला म्हटलं, खऱ्याच्या दोन तृतीयांश काढ. शंभर मीटरवरून बरोबर तेवढंच दिसेल, जेवढं खरं दीडशे मीटरवरून दिसतं. खांद्यापर्यंत त्रेपन्न सेंटिमीटर. मी मोजलंय.

बाळासाहेब: अभिरामराव, तुम्ही काळवीटसुद्धा ऑफिसात बसून मोजलंत की काय?

अभिराम: लंच ब्रेकमध्ये.

आर्या: हेंकला आख्खी स्टोरी माहीत आहे, आबा. मी सांगितली. अडुसष्ट साल. तू वीस वर्षांचा. हरभऱ्यात रोज काळविटं घुसतात, सगळं पीक खातात. मग तुझे वडील बंदूक देतात आणि म्हणतात, एकाला तरी पाड, म्हणजे बाकीची येणार नाहीत. तेव्हा ते अलाउड होतं, कायदा नंतर आला. बरोबर?

बाळासाहेब: बरोबर. चार वर्षांनी आला. पण आता हे सगळं कशाला...

आर्या: तू बंदूक भरतोस. नेम धरतोस. दोनशे पावलं! आणि ते मान वर करतं, तुझ्या डोळ्यांत बघतं, आणि तुला दया येते. तू बंदूक खाली घेतोस. मला अजून काटा येतो. ग्रुप सातमध्ये मी त्याच्यावरच स्प्रेकबर्ट दिला होता.

बाळासाहेब: काय दिला होता?

अभिराम: इथे शाळेत प्रत्येक मुलाला वर्गासमोर उभं राहून भाषण करावं लागतं. बाकीच्या पोरांनी कुत्रा, मांजर, फुटबॉल असले विषय घेतले. हिने तुम्हाला घेतलं.

आर्या: 'माझे आबा आणि काळवीट.' आमची टीचर रडली! आणि मी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं, आजपासून नो मीट. माझे आबा भुकेल्या घरातले असून सोडू शकतात, तर मी नगेट्स सोडू शकत नाही?

अभिराम: नऊ वर्षं झाली. आमच्याकडे तेव्हापासून चिकन बंद. मी बाहेर खातो.

बाळासाहेब: अरे देवा.

आर्या: का? काय झालं?

बाळासाहेब: काही नाही. चला, बंदूक आणा. मला एकच बार काढायचाय.

अभिराम: हेंकने पाच दिलेत.

बाळासाहेब: एकच. त्या दिवशीही एकच होता.

अभिराम: एक विचारू का, आबा? तुम्ही तर त्याला सोडून दिलं होतं. मग आज नेम का धरायचाय? गेल्या महिन्यात मी नुसतं म्हटलं, आमच्या क्लबमध्ये ठासणीची बंदूक आहे, तर तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठलात.

बाळासाहेब: लागली असती का, ते बघायचंय.

अभिराम: एवढंच?

बाळासाहेब: एवढंच म्हणजे? छप्पन्न वर्षं झाली, अभिरामराव. हरभऱ्याचा वास आला की मनात येतं, तो नेम बरोबर होता का? गावात सगळे म्हणतात, दोनशे पावलांवरून कोणाच्या बापाला लागते? मी म्हणतो, लागली असती. पण मला तरी कुठे माहीत आहे? तिकडे बंदूक गेली. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केली, ती परत आणायला कोणी गेलंच नाही. मग डोळे गेले. आता मोतीबिंदू काढलाय, वीस वर्षांत दिसलं नाही इतकं दिसतंय. सोमवारी विमान आहे. आज नाही कळलं तर मग कधीच नाही कळणार मला.

आर्या: लागेल, आबा.

बाळासाहेब: लागली तर तुझ्या काळविटाला भोक पडेल.

आर्या: मी दुसरं काढेन.

अभिराम: ठीक आहे. चला. आर्या, या प्लास्टिकच्या नळ्या धर. एकेका नळीत मोजून दारू भरलीये. आबांनी हात पुढे केला की एक द्यायची. मी इथे उभा आहे. आता यापुढे कोणी बोलायचं नाही.

बाळासाहेब: नाही बोलत. पण एक सांगा, दोनशे पावलांचे दीडशे मीटर कसे केलेत?

अभिराम: एक पाऊल पंच्याहत्तर सेंटिमीटर धरलं. आता शांत.

बाळासाहेब: पंच्याहत्तर? माझं पाऊल? अहो, मी पावलांनी कालवे मोजलेत! इंजिनिअरची टेप कमी पडायची, बाळासाहेबाचं पाऊल नाही. ऐंशी धरा, ऐंशी. चिंधी कुठे आहे?

अभिराम: ही घ्या. आबा, तुमची उंची बघता ऐंशी शक्य नाही.

बाळासाहेब: उंचीचा काय संबंध? चालण्याचा संबंध. वीस वर्षांचा होतो तेव्हा मी कर्जत ते राशीन... गोळी द्या... असा जायचो, सायकलवाला मागे पडायचा.

अभिराम: ऐंशी धरलं तर एकशे साठ मीटर होतात. मग चित्र अजून लहान काढावं लागलं असतं. सगळं गणितच चुकलं.

बाळासाहेब: म्हणजे मला दहा मीटर फुकट मिळाले! गज द्या. असं. दाबून बसली पाहिजे. बघा, हात अजून विसरला नाही.

आर्या: आबा, बाबा, हेंक ओठांवर बोट ठेवतोय.

बाळासाहेब: त्याला म्हणावं, एवढं एकच वाक्य. अभिरामराव, मान्य करा, ऐंशी.

अभिराम: अठ्ठ्याहत्तर.

बाळासाहेब: बरं, अठ्ठ्याहत्तर. जावयाचा मान. केप द्या.

अभिराम: हे कानावर चढवा. यातून बोलणं ऐकू येतं, फक्त धडाका अडतो. खांद्याला घट्ट लावा. घोडा मागे. घाई नको.

बाळासाहेब: आर्ये, बघ आता.

आर्या: ...झालं? एवढाच आवाज? नुसतं टक्?

अभिराम: हलू नका! आबा, बंदूक तशीच धरा, तोंड समोर. कधीकधी दारू उशिरा पेटते. एक मिनिट तसंच थांबायचं. मी घड्याळ लावलंय.

बाळासाहेब: नाही पेटणार.

अभिराम: असं सांगता येत नाही. दमट असेल, केप हलकी असेल...

बाळासाहेब: अभिरामराव, नाही पेटणार. आत दारूच नाही.

आर्या: ओ माय गॉड. माझ्या हातात पाचही नळ्या आहेत. तू हात पुढे केलाच नाहीस!

अभिराम: आणि मी समोर उभा राहून पावलं मोजत होतो! मी! तरी एक मिनिट. नियम म्हणजे नियम.

आर्या: आबा, तू हसतोयस का रडतोयस? बंदूक हलतेय.

बाळासाहेब: मला वळून बघता येणार नाही ना तुझ्याकडे?

अभिराम: अजिबात नाही.

बाळासाहेब: मग बरं आहे. तुझ्याकडे न बघता सांगता येईल. आर्ये, त्या दिवशीही हेच झालं होतं.

आर्या: म्हणजे?

बाळासाहेब: म्हणजे दया-बिया काही नव्हती. दारू घालायची राहिली होती.

आर्या: काय?

बाळासाहेब: नेम धरला, चाप ओढला, आणि टक्. अस्संच. काळविटाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. पळालंसुद्धा नाही गं ते. चालत गेलं. चार पावलं जाऊन पुन्हा वळून बघितलं, आणि चालत गेलं! असा अपमान माझा आजवर कोणी केला नाही.

अभिराम: आबा, बंदूक सरळ. हसू नका. मी पण नाही हसत.

आर्या: पण का राहिली? तू तर रोज भरत होतास.

बाळासाहेब: बोलत होतो ना. तुझ्या आजीशी. लग्नाला तीन महिने झाले होते. घरात वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची सोय नव्हती, तिचा आवाजसुद्धा मी नीट ऐकला नव्हता. त्या दिवशी ती न्याहारी घेऊन शेतावर आली. राखणीच्या माळ्यावर आम्ही दोघंच. मी नुकताच मुंबईला जाऊन समुद्र बघून आलो होतो, तो सांगत होतो तिला. लाटा कशा येतात, पायाखालची वाळू कशी सरकते. इकडे हाताने ठासणं चालू, तिकडे तोंडाने समुद्र चालू. दारू बैलाच्या शिंगात असायची. ते शिंग मी कुठे ठेवलं होतं, ते आजतागायत मला आठवलेलं नाही.

अभिराम: मिनिट झालं, आबा. बंदूक खाली ठेवू शकता.

बाळासाहेब: थांबा, माझं संपलेलं नाही. काळवीट गेलं. आता लाज कशी झाकायची? मग मी पुढचा समुद्र सांगितला. दुपारी वडील आले. म्हणाले, बार का ऐकू आला नाही? माझी बोबडी वळली. दारू विसरलो म्हटलं असतं तर त्या गजानेच त्यांनी मला ठासलं असतं. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, ह्यांना दया आली, मामंजी. ती त्यांच्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

आर्या: आजीने सांगितलं ते?

बाळासाहेब: तिनेच! वडिलांनी कपाळावर हात मारला. पण संध्याकाळी पारावर जाऊन काय सांगितलं? आमचा बाळू मोठ्या मनाचा. झालं. गावभर झालं. मग माझी सुटका आहे का? दयाळू म्हणून एकदा नाव झालं की तसंच वागावं लागतं गं. कालव्यावर साप निघाला की मजूर ओरडायचे, साहेबांना बोलवा, ते मारू द्यायचे नाहीत. आणि मला सापाची इतकी भीती वाटते, आर्ये, की नुसतं नाव काढलं तरी घाम फुटतो! बत्तीस वर्षं मी साप वाचवले. लटपटत वाचवले.

आर्या: आणि मी नऊ वर्षं चिकन खाल्लं नाही.

बाळासाहेब: हो.

आर्या: आख्ख्या वर्गाला मी खोटं सांगितलं. टीचर रडली होती, आबा!

बाळासाहेब: हो गं. मला सांगायला हवं होतं. तू तेव्हा फोनवर म्हणालीस, आबा, तू माझा हीरो आहेस. तोंड उघडलं होतं मी, खरं सांगतो. पण दहा वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं, की तुझा हीरो विसराळू आहे? नाही जमलं मला. चुकलंच माझं.

आर्या: बंदूक ठेव खाली. आणि वळ माझ्याकडे.

बाळासाहेब: रागावलीस?

आर्या: थोडी. पण तू चालत गेलेल्या काळविटाची ॲक्टिंग केलीस ना, खांदे उडवून, ते खूपच फनी होतं. ते स्प्रेकबर्टमध्ये असतं तर अजून मार्क मिळाले असते.

अभिराम: हेंक काहीतरी म्हणतोय. त्याचा चेहरा बघा. आर्या, काय म्हणतोय तो?

आर्या: तो म्हणतो, त्याला दिसलं होतं.

अभिराम: काय दिसलं होतं?

आर्या: की आबांनी दारू घातली नाही. पहिल्यापासून दिसत होतं.

अभिराम: मग सांगितलं का नाही!

आर्या: तो म्हणतो, ठासणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. नियम आहे.

बाळासाहेब: अरे वा रे पठ्ठ्या! हा माणूस आमच्या खात्यात हवा होता. एक कालवा फुटला नसता, आणि फुटला असता तरी नियमाने फुटला असता.

अभिराम: तो आता हवेच्या सिलेंडरने ती गोळी बाहेर काढून देतोय. मग पुन्हा पहिल्यापासून. आबा, मारायचं आहे ना?

बाळासाहेब: मारायचं म्हणजे? आता तर मारायलाच हवं. दोन वेळा टक् झालं, तिसऱ्यांदा झालं तर मी इथेच राहतो, सोमवारी जात नाही.

आर्या: मग व्हिसाचं बघावं लागेल.

अभिराम: गोळी निघाली. या. आता मी सुद्धा तोंड उघडणार नाही. ऐंशी म्हणालात तरी नाही.

बाळासाहेब: आर्ये, नळी तूच दे. आणि मी घातली का बघ. आजपासून तू माझी हेंक.

(चार मिनिटं कोणीही काही बोलत नाही.)

आर्या: बापरे! आबा! केवढा धूर! मला काहीच दिसत नाहीये! आबा, ठीक आहेस ना?

बाळासाहेब: आहे. आहे! आहाहा! हा वास! अभिरामराव, हा वास छप्पन्न वर्षांनी आला बघा नाकात!

अभिराम: खांदा दुखला का?

बाळासाहेब: दुखू दे की! तोफ होती ती! लागली का? कोणी बघितलं?

अभिराम: लाल दिवा बंद होईपर्यंत पुढे जाता येत नाही. सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवून झाल्या की हेंक शिट्टी मारेल.

बाळासाहेब: काळवीट शिट्टीसाठी थांबत नसतं!

आर्या: हे थांबेल. कागदाचं आहे. झालं, झाली शिट्टी. चल, आबा, हात धर माझा. वाळूत पाय रुततात इथे. तुझे सॅन्डल!

बाळासाहेब: मोजत चल. माझी पावलं मोज. जावयाला सांगता येईल.

आर्या: आबा, थांब. मला दिसतंय.

बाळासाहेब: काय दिसतंय? नाही लागली ना? वरून गेली. मला वाटलंच, चाप ओढताना जरासा...

आर्या: लागलीये.

बाळासाहेब: कुठे?

आर्या: इथे. बघ. बोट घाल.

अभिराम: फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या खांद्याच्या मागे, दोन बोटांवर. आबा, हे तर... याच्यापेक्षा चांगली जागा नाही. एकशे छप्पन्न मीटरच्या हिशेबाने! पहिल्या गोळीला! मी तीन वर्षं येतोय, माझी अशी लागलेली नाही.

बाळासाहेब: लागली! लागली रे! अरे, कोणाला तरी सांगा! अहो हेंक, लुक, लुक! लागली!

आर्या: हेंक टोपी काढतोय तुझ्यासाठी! बाबा, फोटो काढ, फोटो!

अभिराम: काढतोय. आबा, इकडे बघा. आबा? काय झालं?

बाळासाहेब: काही नाही. हे भोक बघत होतो.

आर्या: दुखतंय का खांदा?

बाळासाहेब: नाही गं. लागली असती म्हणजे. त्या दिवशी दारू असती तर गोळी इथे लागली असती आणि ते जागेवर पडलं असतं. इतकी वर्षं मी फक्त लागली असती का, एवढंच विचारत होतो. पडलं असतं, हे कधी मनात आलंच नाही बघ.

आर्या: पण पडलं नाही. चालत गेलं.

बाळासाहेब: चालत गेलं. वळून बघत. बरं झालं बाई, विसरलो. फार बरं झालं.

आर्या: ही बघ, आता आली तुला दया.

बाळासाहेब: छप्पन्न वर्षं उशिरा.

आर्या: चालेल. पण मी मीट नाही खाणार हं तरी. मला आता सवय झालीये. आणि काळवीट तर खरंच वाचलं होतं ना? मग स्प्रेकबर्टमधलं अर्धं खरंच होतं.

अभिराम: म्हणजे घरी चिकन नाहीच.

आर्या: नाहीच. चल आबा, बाहेर बाकावर बसू. आजीचे धपाटे खाऊ. हेंकला पण देऊ. आणि आजीला फोन लावू, ती वाट बघत असेल.

बाळासाहेब: लाव. स्पीकरवर ठेव. माझ्या कानात अजून शिट्टी वाजतेय.

आर्या: आजी? ऐकू येतंय?

सरला: येतंय. लागली का?

बाळासाहेब: लागली! सरला, फऱ्यामागे दोन बोटं! जावयाने मोजलंय!

सरला: बरं झालं. सुटलात एकदाचे. मी पण सुटले. धपाटे गार झाले का?

बाळासाहेब: सरला, ऐक. मी सांगून टाकलं पोरीला.

सरला: काय सांगितलंत?

बाळासाहेब: खरं काय झालं ते. दारू घालायची विसरलो होतो म्हणून.

सरला: विसरला नव्हतात हो.

बाळासाहेब: म्हणजे?

सरला: शोधत होतात की शिंग. तोंडाने लाटा चालल्या होत्या आणि हात मागे चाचपडत होता. दोनदा चाचपडला. हाताला काही लागलं नाही, मग तसेच पुढे गेलात.

बाळासाहेब: मग शिंग होतं कुठे?

सरला: माझ्या मांडीवर. पदराखाली.

आर्या: आजी! तू लपवलंस? काळविटाला वाचवायला?

सरला: काळवीट कुठलं गं? मला ते दिसलंसुद्धा नव्हतं अजून.

अभिराम: मग का लपवलंत, आई?

सरला: तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलत होते माझ्याशी. बार निघाला असता तर मामंजी धावत आले असते विहिरीवरून. समुद्र अर्धाच राहिला असता.